आंघोळीचं गरम पाणी: आधी मोजा, मग यंत्र बदला

आमच्या साताऱ्याच्या घरात हिवाळ्यात गिझरचं बटण पहाटे पाचला चालू व्हायचं, ते शेवटची आंघोळ उरकेपर्यंत, म्हणजे साडेनऊपर्यंत, चालूच राहायचं. बाबा पाचला, आई सहाला, मुलगी सातला, मग आम्ही दोघं जमेल तसं. डिसेंबरचं बिल आलं की सगळ्यांची नजर गिझरकडे जायची आणि ‘सोलर बसवून टाकू’ असं ठरायचं. शेवटी बसवलं. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की खालच्या मजल्यावर नळ सोडला की अर्धी बादली गार पाणी जातं आणि मगच ऊन पाणी येतं. बाबांना पहाटेच्या अंधारात तेवढा वेळ नळाखाली उभं राहणं जमेना. त्यांनी मुकाट्याने परत गिझर लावायला सुरुवात केली.

सोलरमध्ये दोष नव्हता. गच्चीवरून मोरीपर्यंत २२ मीटर एक इंची उघडा पाइप फिरवला होता, आणि बसवणाऱ्याने किंवा आम्ही त्याचा हिशेबच केला नव्हता. पुढे तो पाइप बदलला आणि गाडी रुळावर आली. पण त्या निमित्ताने घरातलं गरम पाणी बादली, थर्मामीटर आणि वही घेऊन मोजलं. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिलं काम: बादली आणि थर्मामीटर

आपल्या भाषेत ‘विसण’ असा एक नेमका शब्द आहे. कढत पाण्यात अंगाला सोसेल इतपत गार पाणी घालायचं, ते विसण. आंघोळीला लागणारं पाणी साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअसचं असतं. गिझर किंवा सोलर देतो ते ६० अंशांच्या आसपास. म्हणजे ‘आम्हाला किती गरम पाणी लागतं’ या प्रश्नाचं उत्तर विसण घातल्यानंतरच्या बादल्यांमध्ये मोजायचं.

एक आठवडा फक्त एवढं करा. मोरीच्या दाराशी कागद चिकटवा. कोणी किती बादल्या घेतल्या, किती वाजता, एवढंच लिहायचं. शॉवर वापरत असाल तर शॉवरखाली बादली ठेवून एक मिनिट भरा आणि किती लिटर जमले ते बघा. मिनिटाला ९ लिटर येत असतील आणि आंघोळ आठ मिनिटांची असेल तर ७२ लिटर झाले, म्हणजे साडेतीन बादल्या. पुष्कळ घरांत विजेचं बिल यंत्रामुळे वाढलेलं नसतं, बादली जाऊन शॉवर आला तेव्हा वाढलेलं असतं. मिनिटाला ६-७ लिटर सोडणारा शॉवर मिळतो. बदलायला दहा मिनिटं लागतात आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आता स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन सकाळी नळाच्या गार पाण्याचं तापमान बघा. साताऱ्याला थंडीत १८ ते २० अंश येतं, कोकणात आणि मुंबईत त्याहून बरंच जास्त. मग हे सूत्र:

लिटर × किती अंश तापवायचं × १.१६३ ÷ १००० = युनिट

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६३ वॉट-तास लागतात, आणि हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट. हा निसर्गाचा भाव आहे, कुठल्याही कंपनीला त्यात सूट नाही. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४२ वर न्यायची तर २० × २२ × १.१६३, म्हणजे ५१२ वॉट-तास. बादलीला अर्धं युनिट, हा आकडा पाठच करून ठेवा. पाच माणसं, पाच बादल्या आणि भांड्यांना, हातपाय धुवायला एक, अशा सहा बादल्या धरल्या तर थंडीत रोज तीन युनिट.

तुमच्या घरचा मीटर गरम पाण्यासाठी यापेक्षा जितका जास्त फिरतो, तितकी उष्णता टाकीतून आणि पाइपातून हवेत जाते आहे. ती गळती आधी बंद करायची.

दुसरं काम: आहे त्या गिझरची परीक्षा

रात्री दहाला गिझर पूर्ण तापवून बंद करा. सकाळी सहाला, कोणी वापरायच्या आधी, नळातून पहिले दोन-तीन लिटर सोडून द्या (ते पाइपातलं असतं) आणि मग येणाऱ्या पाण्याचं तापमान मोजा. २५ लिटरच्या टाकीत ६० अंशांवरून ४५ वर पाणी आलं असेल, तर २५ × १५ × १.१६३, म्हणजे ४३६ वॉट-तास रात्रीत उडाले. जवळजवळ एक बादली. दिवसभर बटण चालूच राहत असेल तर ही गळती दिवसभर भरून काढली जाते, आणि त्याचे पैसे आपण भरतो.

साठवणीच्या गिझरवर जे तारे असतात, ते हीच गळती किती कमी आहे ते सांगतात. ऊर्जा दक्षता ब्युरोचा पाच तारे असलेला गिझर पाणी ‘कमी विजेत तापवत’ नाही. तापवायला सगळ्यांना तेवढीच वीज लागते. तो तापलेलं पाणी जास्त वेळ गरम ठेवतो, एवढाच फरक. म्हणून वीस मिनिटं आधी चालू करून लगेच वापरून बंद करणाऱ्या घरात ताऱ्यांनी फारसा फरक पडत नाही. बटण विसरणाऱ्या घरात पुष्कळ पडतो.

आमच्याकडे फारसं काही विकत न घेता झालेले बदल असे. आंघोळी एकामागून एक लावल्या. बाबांची वेळ पाचची साडेपाच केली, बाकी सगळे साडेसहाच्या आत. थर्मोस्टॅट ७५ वरून ६० वर आणला. त्याहून फार खाली आणू नका, कारण साठवलेलं कोमट पाणी जंतूंना मानवतं. ५५ ते ६० ठीक. बटणाशेजारी टायमर लावला. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॉटच्या गिझरला २१ मिनिटं लागतात, २५ लिटरला ३५. त्यापलीकडे चालू ठेवण्यात काही अर्थ नसतो.

गिझर उघडायची वेळ आलीच तर आतली अॅनोड कांडी बघायला सांगा. मॅग्नेशियमची ही कांडी स्वतः झिजते आणि टाकी वाचवते. बोअरचं पाणी असेल तर दोन-तीन वर्षांत ती सुतासारखी होते. कॉइलवर पांढरा क्षार जाड बसला असेल तर तोही काढून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बादलीत सोडायचा हीटर, ज्याला आपण रॉड म्हणतो, तो हिशेबाने सर्वांत काटकसरीचा आहे. हवं तेवढंच पाणी तापवतो, टाकी नाही, पाइप नाही. तरीही मी तो घरातून काढून टाकला. रॉड चालू असताना पाणी किती तापलं ते बोट बुडवून बघायची सवय दर थंडीत जीव घेते. ज्यांना तो वापरण्यावाचून पर्याय नाही त्यांनी घराच्या मेन बोर्डला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा, अर्थिंग तपासून घ्यावं, आणि प्लग काढल्याशिवाय बादलीला हात लावू नये. गिझर असलेल्या घरातही आरसीसीबी हवाच.

तिसरं काम: तुमच्या घराला काय शोभेल

दुकानात जायच्या आधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर हवीत. गच्ची आपली आहे का, आणि तिथे डिसेंबरात सकाळी नऊ ते दुपारी तीन ऊन असतं का? गच्चीपासून मोरी किती मीटर? पाणी नगरपालिकेचं की बोअरचं? आंघोळी किती वाजता होतात?

स्वतःची गच्ची, वरचे एक-दोन मजले, चार-पाच माणसं असतील तर सौर बंबाला तोड नाही. हो, ‘सौर बंब’ हा शब्द मला आवडतो. तांब्याच्या जुन्या बंबात मधोमध धुराडं असायचं आणि पाणी त्याच्याभोवती, म्हणजे वर निघालेली उष्णता जाता जाता पाण्याला भिडायची. सौर यंत्रातही पाणी असंच स्वतःहून वर चढतं: उन्हातल्या काळ्या पट्टीत किंवा काचनळीत तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत जातं, टाकीच्या तळाचं गार पाणी खाली उतरतं. पंप नाही, वीज नाही.

डोंबिवलीत माझ्या धाकट्या भावाचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. घरात तिघं. त्याच्यासाठी गच्चीवरून वेगळी पाइपलाइन आणणं म्हणजे पाइपातच बादली घालवणं. त्याला मी पाच ताऱ्यांचा १५ लिटरचा गिझर आणि टायमर एवढंच सांगितलं. तिथे थंडीतही नळाचं पाणी फार गार नसतं, त्यामुळे लागणारी वीजच कमी.

सोसायटीत राहणाऱ्यांनी मात्र एकदा गच्चीवर चढून बघा. बऱ्याच नव्या इमारतींत बांधकामाच्या परवानगीसाठी बिल्डरने सोलर बसवलेलं असतं आणि ते दोन-तीन वर्षांत बंद पडून धूळ खात असतं. कधी पंप जळालेला, कधी परतीच्या लाइनची चावी कुणीतरी बंद केलेली. नवीन घेण्यापेक्षा ते सुरू करणं कितीतरी स्वस्त पडतं. मोठ्या इमारतीत गरम पाणी ठरावीक वेळात फिरतं ठेवणारी रिंग लाइन आणि तिचा टायमर, या दोन गोष्टी चालू असतील तर सातव्या मजल्यावरही नळ सोडताच ऊन पाणी येतं. सर्वसाधारण सभेत हा विषय मांडा, दुरुस्तीचं कोटेशन सोबत घेऊन जा.

हीट पंप: कोणाला परवडतो

हा फ्रिजचा उलटा भाऊ. हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, म्हणून एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिटांची उष्णता मिळते. २०० लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला गिझरला ८ युनिटांहून जास्त लागतात, हीट पंपाला सुमारे अडीच. पावसाळ्यातही चालतो. कोकण-मुंबईच्या दमट, उबदार हवेत त्याचं काम अधिक चांगलं होतं. महाबळेश्वरच्या थंडीत कमी.

पण त्याला मोकळी हवा लागते, ठिबकणारं पाणी काढायला निचरा लागतो, एसीसारखा आवाज असतो आणि सर्व्हिसिंगही. समुद्राजवळ कॉइलला गंज लागू नये म्हणून लेप दिलेलं मॉडेल घ्यावं. किंमत गिझरच्या कितीतरी पट. तिघांच्या फ्लॅटला तो शोभत नाही. एकत्र कुटुंब, वसतिगृह, होम-स्टे, दवाखाना अशा ठिकाणी, जिथे रोज दहा-पंधरा बादल्या लागतात आणि गच्चीवर ऊन नाही, तिथे खुशाल घ्या.

गॅस गिझर

हिशेबाने तो वाईट नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून, यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर, सुमारे १४५ युनिटांइतकी उष्णता पाण्यात उतरते, म्हणजे थंडीतल्या २८० च्या आसपास बादल्या. तुमच्या सिलिंडरच्या किमतीला २८० ने भागा आणि बादलीचा भाव काढा.

पण तो बंद मोरीत कधीही लावू नका. जळताना तो खोलीतला प्राणवायू खातो, आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, चक्कर येते, आणि कडी आतून लावलेली असते. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गॅस गिझर घराबाहेर किंवा उघड्या बाल्कनीत, आणि तिथून फक्त पाण्याचा पाइप मोरीत. हे जमत नसेल तर हा पर्याय तुमच्यासाठी नाही. खिडकी किलकिली ठेवून भागत नाही.

चौथं काम: सौर बंब निवडणं

आकारापासून सुरुवात करू. १०० लिटर पाणी ६० अंशांवर असेल आणि गार पाणी २० अंशांचं, तर विसण घातल्यावर ४२ अंशांचं सुमारे १८० लिटर होतं, म्हणजे नऊ बादल्या. बादलीने आंघोळ करणाऱ्या चार-पाच जणांच्या घराला १०० लिटर स्वच्छ उन्हात पुरतं. ढगाळ दिवसाची शिल्लक हवी असेल किंवा शॉवर असेल तर १५० ते २००. त्याहून मोठं घेऊन उपयोग नाही. जे पाणी वापरलं जात नाही ते दुसऱ्या दिवशी उन्हाला फक्त अडवून ठेवतं.

प्रकार दोन. सपाट पट्टीचं यंत्र, म्हणजे काचेखाली काळा तांब्याचा पत्रा आणि त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या. १०० लिटरला साधारण दोन चौरस मीटर पट्टी. दुसरं निर्वात काचनळ्यांचं, ज्यात दुहेरी काचेच्या मध्ये हवा काढलेली असते. काचनळ्यांचं स्वस्त, आणि थंड, ढगाळ हवेतही चांगलं तापतं. सपाट पट्टीचं महाग, पण दणकट आणि दीर्घायुषी.

निवड पाण्यावरून करा. बोअरच्या जड पाण्याने तांब्याच्या बारीक नळ्या क्षाराने तुंबतात. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो. आपल्याला पाण्याचा जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम हवं. पाण्याची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्या आणि अहवालात ‘एकूण कठिणता’ बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. तुमचा आकडा २०० च्या बराच वर असेल तर काचनळ्यांचं घ्या, किंवा सपाट पट्टीचं हवंच असेल तर हीट एक्स्चेंजरचं, ज्यात पट्टीत फिरणारं पाणी वेगळं आणि आंघोळीचं वेगळं राहतं.

घरात प्रेशर पंप असेल तर दुकानदाराला हे पहिल्या वाक्यात सांगा. साधं काचनळ्यांचं यंत्र फक्त टाकीच्या उंचीचा दाब सोसतं. पंपाचा दाब आला की नळ्यांच्या तोंडाची रबरी कडी गळायला लागते. त्यासाठी दाब सोसणारं यंत्र वेगळं मिळतं.

माकडांचा त्रास असेल, तर त्याचाही विचार करा. आमच्याकडे वानरांची टोळी वर्षातून दोन-तीनदा फेरी मारते. काचनळी फुटली की त्यातून सगळी टाकी रिकामी होते आणि वरच्या टाकीतलं पाणीही वाहत राहतं. म्हणून सोलरला येणाऱ्या गार पाण्याच्या लाइनवर हाताशी येईल अशी चावी हवीच.

पैशाचा हिशेब स्वतः मांडा. बिलावर तुमचा शेवटचा टप्पा कुठला ते बघा: महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. वाचलेली वीज सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातली असते. त्या टप्प्याचा दर, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवून युनिटचा खरा भाव काढा. समजा तो १२ रुपये आला. सहा बादल्या, वर्षभराची सरासरी धरून रोज २.७ युनिट, असे ३०० दिवस, म्हणजे ८१० युनिट. गळतीचे १५ टक्के धरून ९३० च्या आसपास. त्यातलं ८० टक्के काम सूर्याने केलं तर ७४४ युनिट, म्हणजे वर्षाला जवळजवळ ८,९०० रुपये. कोटेशन ३६ हजारांचं असेल तर चार वर्षांत पैसे फिटले. या सगळ्या आकड्यांच्या जागी तुमचे आकडे घाला.

अनुदानाबद्दल गल्लत होते. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्याला ७८,००० रुपये मिळतात, पण ते छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी, पाणी तापवणाऱ्या यंत्रासाठी नाहीत. कोणी सौर बंबावर हे अनुदान मिळवून देतो म्हणाला तर तिथेच थांबा. पुणे महापालिकेसारख्या काही ठिकाणी सोलर चालू असेल तर सर्वसाधारण करात सवलत मिळते. आपल्या पालिकेच्या कर विभागात विचारा. छतावर पॅनेल आधीच असतील आणि दर महिन्याला वीज शिल्लक राहत असेल तर मात्र सौर बंबाची घाई नको. तुमचा गिझर आधीच उन्हावर चालतो आहे.

पाचवं काम: बसवण्याच्या दिवशी गच्चीवर उभं राहणं

त्या दिवशी सुट्टी काढा. मी नव्हतो घरी, आणि तेच आम्हाला नडलं.

यंत्राचं तोंड दक्षिणेला. उतार अक्षांशाहून १०-१५ अंश जास्त, म्हणजे आपल्याकडे ३० अंशांच्या आसपास, कारण गरम पाण्याची खरी गरज थंडीत, सूर्य दक्षिणेला कललेला असताना. साताऱ्याला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मीटरभर उंच कठड्याची सावली दुपारी बाराला सुमारे ८५-९० सेंटिमीटर पडते, सकाळी नऊला सव्वादोन मीटरहून जास्त. मे महिन्यात जागा ठरवणाऱ्याला ही सावली दिसत नाही. शेजारच्या नारळाची आणि पाण्याच्या टाकीची सावलीही अशीच बघा.

गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्याहून किमान फूटभर वर हवा. तसा नसेल तर पाणी पुरं भरत नाही. सोलरला जाणारी गार लाइन वेगळी घ्या. त्याच लाइनवर संडासचा फ्लश असला की कोणी फ्लश ओढला की शॉवरमधल्या पाण्याचं तापमान अचानक बदलतं. सोलरला जाणाऱ्या गार लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप. टाकीवरच्या हवेच्या नळीचं तोंड गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर. भरलेलं २०० लिटरचं यंत्र तीनशे किलोच्या घरात जातं, म्हणून पाय बीमवर येऊ द्या आणि स्टँड जमिनीला बोल्टने पक्कं करून घ्या. वळवाच्या वाऱ्यात सुटं यंत्र उलटतं.

आणि पाइप. पाऊण इंची पाइपच्या दर मीटरमध्ये साधारण पाव लिटरभर पाणी उभं असतं, एक इंचीत जवळजवळ अर्धा लिटर. आंघोळ झाली की ते तिथेच गार होतं, आणि पुढच्या माणसाला आधी ते ओतून द्यावं लागतं. आमचे २२ मीटर बाहेरच्या भिंतीवरून वळसा घालून आले होते. ते डक्टमधून सरळ खाली आणले तेव्हा १४ मीटर झाले, व्यास पाऊण इंच केला. अर्ध्या बादलीऐवजी आता चार लिटर जातं, आणि तेही तुळशीवृंदावनाशेजारच्या हौदात. पाइप सीपीव्हीसीचाच घ्या, साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडून वाकतो. सगळ्या पाइपवर फोमची काळी नळी चढवा, आणि उन्हात राहणाऱ्या भागाला वरून टेप किंवा पत्र्याचं आवरण, नाहीतर दोन उन्हाळ्यांत फोमचा भुगा होतो.

मोरी फारच लांब असेल तर सोलरची लाइन मोरीतल्या छोट्या साठवणीच्या गिझरच्या इनलेटला जोडा. ऊन असेल तेव्हा गिझर आपोआप बंद राहतो, ढगाळ असेल तेव्हा उरलेलं तापवतो. गिझर आत येणारं गरम पाणी सोसतो का, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत बघून घ्या.

सोलरच्या टाकीतच विजेची कॉइल बसवून देतात. ती रात्रभर चालू ठेवली की सकाळी ऊन येण्याआधीच टाकी तापलेली असते आणि सूर्याला काम उरत नाही. संध्याकाळी पाचला टाकीचं तापमान बघायचं, ४५ च्या खाली असेल तरच पहाटे अर्धा तास कॉइल लावायची. आमच्या आईने हे काम अंगावर घेतलं आहे. दिवा लावायच्या आधी ती काटा बघून येते.

कोटेशनवर लेखी हवं ते असं: आतल्या टाकीचा धातू आणि जाडी, इन्सुलेशनची जाडी (पफचं, म्हणजे पॉलीयुरेथेन फोमचं, ५० मिलिमीटर तरी), पट्टीचं क्षेत्रफळ किंवा नळ्यांची संख्या, भारतीय मानकाची खूण, पाइपची लांबी आणि व्यास, आणि टाकी व पट्टीची वॉरंटी वेगवेगळी. ‘पाइपिंग प्रत्यक्षानुसार’ असं लिहिलेलं कोटेशन परत पाठवा.

सहावं काम: पहिला आठवडा

स्वच्छ उन्हाच्या दिवशी संध्याकाळी पाचला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला टाकीचं तापमान लिहून ठेवा. रात्रीत पाच-सात अंशांहून जास्त उतरलं तर टाकीचं इन्सुलेशन किंवा व्हॉल्व्ह तपासा. नळाशी ऊन पाणी यायला किती लिटर जातं ते मोजा. हे आकडे बसवणाऱ्याला पाठवा आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.

राखण

काचेवरची धूळ आठवड्यातून एकदा, पहाटे. भर दुपारी तापलेल्या रिकाम्या नळ्यांत गार पाणी सोडलं तर काच तडकते, त्यामुळे टाकी कधी रिकामी झाली तर सूर्य मावळल्यावरच भरा. काचनळीच्या खालच्या टोकाला आरशासारखा चंदेरी भाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला की आतली निर्वात पोकळी गेली; तेवढी एक नळी बदलायची. दसऱ्याच्या सुमारास, थंडीच्या आधी, टाकीचा तळ उघडून गाळ काढा. जड पाण्याच्या गावात हेच होळीनंतर पुन्हा.

चिपळूणजवळ माझी मावशी राहते. तिच्याकडे पाऊस धरला की महिनाभर सूर्य दिसत नाही आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. तिने काचनळ्यांचं १०० लिटरचं बसवलं, पण न्हाणीतला तांब्याचा बंब काढला नाही. आठ महिने सूर्य, चार महिने बंब. बंबात ती घरच्या नारळाची सोडणं आणि करवंट्या जाळते, विकतचं लाकूड नाही, आणि धुराडं कौलाबाहेर काढलेलं आहे. परसात सोडणांचा ढीग असलेल्या घराला मी दुसरं काही सुचवणार नाही.

मे महिन्यात घर बंद करून गावी जाणार असाल तर यंत्रावर जाड कापड किंवा गोणपाट बांधून जा. पाणी कोणी वापरत नसलं की ते रोज आणखी तापत जातं, उकळून वाफ होतं आणि रबरी कड्या कडक पडतात. झाकून निघताना गार पाण्याची लाइन चालू राहू द्या, म्हणजे नळ्या कोरड्या पडणार नाहीत. मात्र गच्चीवर माकडं येत असतील तर टाकी रिकामी करून, झाकून, चावी बंद करूनच जा, आणि परत आल्यावर कापड काढायच्या आधी पाणी भरा.